झाकणाची चौकशी

त्या घरात जेवायला बसण्याआधी हात धुवायचे आणि घास उचलण्याआधी गुन्हा कबूल करायचा, असा शिरस्ता होता. ताटं वाढली जात, वाफा निघत, पोटात कावळे ओरडत, आणि टेबलाच्या डोक्याशी बसलेले अप्पा चष्मा नाकावर नीट बसवून विचारत, "हं. आज काय काय घडलं?"

अप्पा एका मोठ्या कारखान्यात जन्मभर चौकशी अधिकारी होते. पाळीवर कुणी झोपलेला सापडला, कुणी मुकादमाच्या कानाखाली वाजवली, की प्रकरण त्यांच्या टेबलावर यायचं. ते निवृत्त झाले तेव्हा कारखान्याने सुटकेचा निःश्वास टाकला. घरच्यांना तो टाकता आला नाही. कामगार गेले, पण चौकशीची खाज गेली नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभही चांगला शाबूत होता. दूध उतू गेलं, नळ टपकत राहिला, वर्तमानपत्राचं मधलं पान गायब झालं, तरी रीतसर चौकशी व्हायची. नियम दोनच होते. निकाल लागेपर्यंत कुणी जेवायचं नाही, आणि एकट्याची साक्ष धरायची नाही, दुसऱ्या कुणीतरी दुजोरा द्यायचा.

अशा घरात सगळ्यांत उपयोगी माणूस कोण? जो पटकन कबूल करतो तो. तो माणूस म्हणजे अप्पांचे जावई.

अप्पा त्यांना 'पाहुणे' म्हणत. बायको बाळंतपणाला माहेरी आली ती परत गेलीच नाही, आणि तिच्या मागोमाग चार कपडे आणि दाढीचं सामान घेऊन जावई आले. त्या बाळंतपणातली मुलगी आता शाळेत जाऊ लागली होती, बेरजा-वजाबाक्या करत होती, तरी बाप पाहुणाच राहिला होता. जावई म्हणजे दहावा ग्रह असं लोक म्हणतात. या घरात बाकीचे नऊ ग्रहही अप्पांच्याच बाजूचे होते.

पाहुणे एका चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे आणि फ्रेममध्ये बसवायचे. हात अतिशय कुशल, जीभ अतिशय नरम. दिवसभर काम करून आलेला माणूस, समोर वाढलेलं ताट, आणि अप्पांचा प्रश्न. दूध कुणी उतू घातलं? पाहुणे म्हणायचे, "माझं लक्ष नव्हतं, अप्पा." दूध उतू गेलं तेव्हा ते दुकानात असायचे, पण हे विचारतंय कोण. बायको लगेच दुजोरा द्यायची. अप्पा दोन टोमणे मारायचे, सासूबाई डाव हातात घ्यायच्या, आणि जेवण सुरू. सासूबाईंना ऐकू कमी येत असे. म्हणजे निदान चौकशीच्या वेळी तरी येत नसे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा, पण पाहुण्यांनी त्याची इतकी सवय करून घेतली होती की आपलं तोंड दाबलेलं आहे हेही ते विसरले होते.

विसरली नव्हती ती भिंगरी. भिंगरी म्हणजे त्यांची मुलगी. पाय एका जागी ठरत नसत म्हणून हे नाव. पण टेबलाशी ती गप्प बसायची आणि बापाकडे बघत राहायची.

अप्पांना जगात एकाच जिवाबद्दल प्रेम होतं. बैठकीच्या खोलीत उंच लोखंडी स्टँडवर एक भलाथोरला फिशटँक होता आणि त्यात हातभर लांबीचा एकच रुपेरी मासा. तोंड वरच्या बाजूला उघडणारा, डोळे कपाळात, पोहण्यात मोठी ऐट. त्याचं नाव साहेब. घरातल्या माणसांना अप्पा अरे-तुरे करत, नाहीतर 'पाहुणे' म्हणत. माशाला मात्र 'साहेब, जेवलात का?' असं विचारत. या जातीचा मासा पाण्यावरचा किडा टिपायला उडी मारतो. टाकीवर झाकण नसेल तर तो उडी मारतो आणि परत येत नाही, कारण खाली फरशी असते.

तर त्या टाकीचं जुनं प्लास्टिकचं झाकण एके दिवशी बिजागरीपाशी तुटलं. कुणाच्या हातून ते वेगळं सांगायला नको आणि कबूल कुणी केलं तेही नको.

"पाहुणे, तोडलंत तुम्ही, आता करा तुम्ही," अप्पा म्हणाले. "जन्मात एखादी वस्तू तरी आपल्या हाताने धड बनवा."

पाहुण्यांना मनातून आनंदच झाला. "काचेचं करतो अप्पा. काच पाण्याने वाकत नाही."

"काच! आणि साहेबांच्या डोक्यावर फुटली म्हणजे? तुमच्या अकलेचे दिवे दुकानातच ठेवा. ॲक्रिलिक आणायचं."

अप्पांनी स्वतः बाजारात जाऊन ॲक्रिलिकची पातळ शीट निवडली. पाहुण्यांनी ती मापात कापली. भिंगरीने पट्टी धरली. झाकण बसलं, छान दिसलं, आणि काही दिवसांतच खालून पाण्याची वाफ लागून असं वाकलं की दोन्ही कोपरे हवेत. अप्पांनी टाकीवर तात्पुरतं जुनं तुटकं झाकण टाकलं आणि हे वाकडं सोफ्यावर मांडून ठेवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दाखवायचे, "हे आमच्या पाहुण्यांचं हस्तकौशल्य. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" लोक हसायचे. पाहुणेही हसायचे.

त्याची चौकशी झाली तेव्हा पाहुणे म्हणाले, "माझं माप चुकलं."

दुसऱ्या दिवशी शाळेला सोडायला जाताना भिंगरी म्हणाली, "बाबा, माप बरोबर होतं. पट्टी मी धरली होती."

"असू दे गं."

"शीट आजोबांनीच आणली होती. तू काच म्हणाला होतास."

"अगं, वाद घालत बसलं तर सगळ्यांचं जेवण गार होतं."

भिंगरीने रस्त्यातला एक खडा पायाने उडवला. मग म्हणाली, "तू रोज खोटं बोलतोस. मग मला कसं कळणार तू खरं कधी बोलतोस ते?"

अप्पांच्या टोमण्यांनी जे कधी झालं नव्हतं ते या प्रश्नाने झालं. पाहुण्यांना लाज वाटली. आपल्या शब्दाला घरात कवडीची किंमत नाही हे त्यांना ठाऊक होतं, पण एका माणसाचा अजून आपल्यावर विश्वास आहे अशी त्यांची समजूत होती. तोही आता निसटत होता. शाळेच्या फाटकापाशी ते खाली वाकले आणि म्हणाले, "हे बघ, आता मी काचेचं झाकण करणार आहे. त्या झाकणाबद्दल मी एक अक्षरही खोटं बोलणार नाही. कुणीही विचारू दे."

"आजोबांनी विचारलं तरी?"

"आजोबांनी विचारलं तरी."

"शप्पथ?"

"तुझी शप्पथ."

काचेला अप्पांनी परवानगी दिली ती अशा थाटात, जणू कल्पना त्यांचीच. पाहुण्यांनी दुकानातून काच कापायची कलम आणली. दोन पट्ट्या कापल्या, मागची रुंद, पुढची अरुंद. मागच्या कोपऱ्यात नळी आणि वायरीसाठी खाच काढली. कडा ओल्या घासकागदाने इतक्या घासल्या की भिंगरीने गालावरून फिरवल्या तरी ओरखडा उठू नये. मग टेबलावर दोन्ही काचा शेजारी-शेजारी पालथ्या घातल्या, मध्ये बारीक फट ठेवली, खालून चिकटपट्टी लावली आणि त्या फटीत सिलिकॉनची सरळ रेघ ओढली. हे सिलिकॉनही त्यांनी पारखून आणलं होतं. न्हाणीघरात लावतात त्यात बुरशी मारायचं औषध असतं आणि त्याने मासे मरतात. खोलीभर आंबूस वास सुटला. सुकल्यावर तीच रेघ बिजागरी झाली. खिळा नाही, गंज नाही. वर पकडायला भिंगरीने कपाटाचं एक जुनं निळं बटण निवडलं होतं.

त्यातली खरी खुबी वेगळीच होती. पाहुण्यांनी फट मुद्दाम इतकी अरुंद ठेवली होती की पुढची काच उभी राहण्याआधीच अडायची. हात सोडला की ती आपल्या वजनाने हळूच मिटायची. झाकण उघडं राहणं शक्यच नव्हतं. भिंगरी टाचा उंचावून बघत होती. बटणापर्यंत तिचा हात पोचत नव्हता, पण काच मिटली की ती प्रत्येक वेळी टाळी वाजवत होती. पाहुण्यांनी कितीतरी वेळा झाकण उघडून दाखवलं. आयुष्यात आपण एक गोष्ट अगदी बिनचूक केली आहे, हे त्यांना कुणी न सांगताही कळत होतं.

अप्पा आले. त्यांनी एका हाताने झाकण उचललं, दुसऱ्या हाताने खाण्याचा डबा उघडायला गेले, तर झाकण मनगटावर मिटलं.

"हे काय? देवाने मला दोन हात दिले ते काय तुमचं झाकण धरून उभं राहायला?"

"अप्पा, ते आपोआप मिटावं म्हणूनच तसं केलंय. उघडं राहिलं आणि कुणी विसरलं तर साहेब—"

"विसरायला मी काय तुम्ही आहे? मागे पूर्ण पडलं पाहिजे. उद्यापर्यंत करा."

तिथे पाहुण्यांनी नाही म्हणायला हवं होतं. आपल्याला हे आज दिसतं, त्यांना तेव्हा दिसलं नाही. सगळ्या जगाने डोळ्यांवर नीट काच बसवावी म्हणून राबणारा माणूस, पण स्वतःच्या नाकापुढचं त्याला दिसेना. त्यांनी पात्याने सिलिकॉनची ती रेघ कापली, फट रुंद केली आणि नवी रेघ ओढली. आता पुढची काच सरळ मागे जाऊन पालथी पडायची आणि तिथेच राहायची.

"बाबा, चांगलं होतं ते का बिघडवलंस?" भिंगरीने विचारलं.

"आजोबांना तसं हवंय."

घरातले बाकी सगळे झाकण वीतभर उचलायचे, चिमूटभर खाणं टाकायचे आणि मिटायचे. पूर्ण मागे टाकायचे ते फक्त अप्पा.

आणि मग तो दिवस आला. पाहुणे कामावरून आले तेव्हा भिंगरी खाली खेळत होती. ती बापाचा हात धरून वर आली. बैठकीत कुणी नव्हतं. टाकीतलं पाणी संथ होतं, दिवा लागलेला होता, आणि साहेब सोफ्यामागे फरशीवर पडलेले होते. अंगावर धूळ चिकटलेली, तोंड उघडं. काचेचं झाकण मागे पालथं पडलेलं. त्या झाकणावर खाण्याचा उघडा डबा होता, आणि डब्याशेजारी अप्पांचा चष्मा.

"आजोबांनी उघडं ठेवलं," भिंगरी हळूच म्हणाली. "मी खेळायला जाताना ते साहेबांना खायला देत होते. फोन वाजला. ते बोलत बोलत गॅलरीत गेले."

पाहुण्यांचे हात तोवर चालायला लागले होते. हे हात त्यांना विचारत नसत. त्यांनी डबा बंद केला, झाकण मिटलं, चष्मा उचलून रुमालाने पुसला आणि अप्पांच्या खोलीतल्या टेबलावर नेऊन ठेवला. कुणाचा पसारा दिसला की आवरून टाकायचा, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. परत आले तेव्हा भिंगरी त्यांच्याकडे टक लावून बघत होती.

"चष्मा का नेलास?"

तेव्हा कुठे पाहुण्यांच्या लक्षात आलं आपण काय केलं ते. तरी ते म्हणाले, "घाबरू नकोस. मी खरंच सांगणार आहे."

अप्पा रडले. हे मान्य करायला हवं. ते त्या माशापाशी फरशीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. मग उठले, तोंड धुतलं, चष्मा लावला आणि ताटं वाढायला सांगितली.

"हं," टेबलाशी बसल्यावर ते म्हणाले. "झाकण कुणी उघडं टाकलं?"

ताटातून वाफा निघत होत्या. सासूबाई डाव हातात धरून बसल्या होत्या. बायकोने टेबलाखालून नवऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. या दाबाचा अर्थ पाहुण्यांना चांगला ठाऊक होता: अहो, करा ना कबूल, उरकून टाका.

पाहुण्यांनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी भिंगरी बोलली. सरळ बसून, मोठ्याने.

"आजोबांनी. मी पाहिलं. फोन आला आणि तुम्ही गॅलरीत गेलात. तुमचा चष्मा झाकणावर होता."

त्या टेबलाशी असं काही आजवर कुणी बोललं नव्हतं. अप्पांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. सासूबाईंना चक्क ऐकू आलं.

"माझा चष्मा," अप्पा शांतपणे म्हणाले, "माझ्या खोलीत होता. माझ्या टेबलावर. आणि एकट्याची साक्ष या घरात धरत नाहीत, बाळ. दुजोरा कोण देणार?"

भिंगरीने बापाकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर जराही शंका नव्हती.

"बोला, पाहुणे," अप्पा म्हणाले. "पोरगी म्हणतेय साहेबांना मी मारलं. तुम्ही सांगा. मारलं मी?"

त्यांचे डोळे अजून रडून सुजलेले होते. गुडघ्यावरचा हात घट्ट झाला. हो, अप्पा, तुम्हीच. एवढे तीन शब्द. पाहुण्यांनी ते मनात नीट जुळवले होते. आणि तोंडातून निघालं ते वर्षानुवर्षं निघत आलेलं.

"नाही अप्पा. माझं लक्ष नव्हतं. मीच उघडं टाकलं असेन."

बायकोने हात काढून घेतला. "हो, हेच आत गेले होते आधी," ती म्हणाली. दुजोराही झाला. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची, तर निदान संन्याशाने तरी ओरडावं. इथे संन्याशानेच दोर आणून दिला होता.

"वाटलंच," अप्पा म्हणाले. "ज्याच्या हाताला यश नाही, त्याच्या हाती साहेबांचा जीव सोपवला, चूक माझीच. पण पाहुणे, आता दुसरा मुद्दा. म्हणजे तुमची मुलगी खोटं बोलली. आजोबांच्या तोंडावर, भर जेवणाच्या टेबलाशी. खोट्या साक्षीला कारखान्यातही माझ्याकडे माफी नव्हती. शिक्षा तुम्ही देता की मी देऊ?"

अप्पांची शिक्षा कशी असते ते पाहुण्यांना ठाऊक होतं. ते महिनोन्महिने माणसाशी बोलत नसत, आणि घरातल्या इतरांनाही बोलू देत नसत. निदान त्यातून पोरीला वाचवावं असं त्यांना वाटलं. निदान असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

"भिंगरी," ते म्हणाले, "आजोबांची माफी माग."

भिंगरी त्यांच्याकडे बघत राहिली. रडली नाही. खूप वेळ बघून झाल्यावर तिने नजर काढून घेतली आणि मान खाली घातली.

"माझं चुकलं, आजोबा," ती म्हणाली. "झाकण मीच उघडलं. तुम्ही गॅलरीत होतात ना, तेव्हा मी स्टूल घेतलं. मला साहेबांना हात लावायचा होता. मग मी विसरले. बाबांनी नाही केलं. माझं लक्ष नव्हतं."

घरात एकच स्टूल होतं. त्याचा पाय मोडून ते माळ्यावर पडलेलं होतं, आणि टेबलाशी बसलेल्या प्रत्येकाला हे माहीत होतं. स्टुलाशिवाय त्या निळ्या बटणापर्यंत तिचा हात पोचत नाही, हेही माहीत होतं. अप्पांनाही. त्यांनी क्षणभर नातीकडे नवलाने पाहिलं.

"दुजोरा?" त्यांनी विचारलं.

"मी बघितलं स्टूल," सासूबाई म्हणाल्या. "आता वाढू का? सगळं गार झालं."

"नाही!" पाहुणे उभे राहिले. खुर्ची मागे पडली. "खोटं आहे हे. ती पोचतच नाही तिथपर्यंत. अप्पा, झाकण तुम्ही उघडं टाकलंत. चष्मा तिथेच होता, मी उचलून खोलीत ठेवला. मी स्वतः. तुम्हीच टाकलंत!"

त्यांच्या जन्मात ते इतक्या मोठ्याने कधी बोलले नव्हते, आणि त्यातलं अक्षर न अक्षर खरं होतं.

अप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "पाहुणे, आत्ता म्हणालात मी टाकलं. आता म्हणता अप्पांनी टाकलं. थोडं थांबलो तर म्हणाल साहेबांनीच आतून ढकललं आणि स्वतःच्या पायांनी चालत सोफ्यामागे गेले."

सासूबाईंना हसू आलं. बायकोलाही आलं, ते सुटका झाल्याचं होतं. हसता हसता तिने खाली पडलेली खुर्ची उचलून सरळ केली आणि नवऱ्याला बाहीला धरून बसवलं. अप्पांनी आपल्या वाटीतला एक तुकडा भिंगरीच्या ताटात घातला आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "पण कबूल केलंस ना, मग झालं. शहाणी आहेस. असंच करावं."

"भिंगरी," पाहुणे म्हणाले. "तू सांग. तू खरं सांग ना सगळ्यांना."

भिंगरीने घास हातात घेतला होता. तिने वर बघितलंही नाही.

"बाबा, जेव ना आता," ती म्हणाली. "माझं गार होतंय."